वयाच्या छत्तिसाव्या वर्षी दृढीकरण: कागद, कापूस आणि एक जुनं देणं

महिन्याच्या पहिल्या रविवारी आमच्या ख्रिस्ती मंडळीत प्रभुभोजन असतं, म्हणजे येशूच्या शेवटच्या भोजनाची आठवण म्हणून भाकर आणि द्राक्षांचा रस घेतात. पाळकसाहेब मेजावरचं पांढरं कापड उचलून घडी घालतात आणि सतरंजीवर बसलेल्या बाया पदर डोक्यावर घेत एकेक करून पुढे जातात. २०१० मध्ये लग्न होऊन मी या गावात आले, तेव्हापासून चौदा वर्षं मी मागेच बसून राहिले. माझं दृढीकरण, म्हणजे प्रभुभोजन घेण्याआधीचा मंडळीतला विधी, झालेलं नव्हतं. नवऱ्याला माहीत होतं, सासूबाईंना माहीत होतं, बाकी कुणी विचारलं नाही आणि मीही सांगितलं नाही.

हे लिहितेय कारण माझ्यासारखे बरेच जण आहेत. गेल्या वर्षभरात तिघींनी मला बाजूला घेऊन हळूच विचारलं, "आता या वयात होते का वो?" होते. मला आठ महिने लागले. काय काय झालं ते सगळं सांगते.

आधी थोडं, ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी. आमची मंडळी सीएनआयची, म्हणजे चर्च ऑफ नॉर्थ इंडियाची. २९ नोव्हेंबर १९७० ला नागपुरात सहा वेगवेगळ्या मंडळ्या एक झाल्या आणि सीएनआय तयार झाली. बाप्तिस्मा म्हणजे पाण्यानं मंडळीत घेण्याचा विधी; त्या सहांपैकी काही तो लहान बाळांना देणाऱ्या होत्या, काही फक्त मोठ्यांना. एक होताना दोन्ही पद्धती मान्य झाल्या. ज्याचा बाप्तिस्मा बाळपणी झाला, त्याची वचनं तेव्हा आईबापांनी आणि धर्मआईबापांनी (बाळासाठी बाप्तिस्म्याला उभे राहणाऱ्यांनी) दिलेली असतात. मोठेपणी तीच वचनं स्वतःच्या तोंडानं द्यायची, मग बिशप, म्हणजे अनेक मंडळ्यांचे प्रमुख, डोक्यावर हात ठेवून पवित्र आत्म्यासाठी प्रार्थना करतात. हे दृढीकरण. त्यानंतर प्रभुभोजनात भाग घेता येतो. तुमची मंडळी दुसरी असेल तर तिथला नियम वेगळा असेल, तुमच्या पाळकांना विचारा.

माझे वडील एसटीत होते. मी चौदा वर्षांची असताना एका गावी माझा दृढीकरणाचा वर्ग सुरू झाला, तीन महिन्यांनी बदली झाली. मग वसतिगृह, मग डी.एड., मग लग्न. प्रत्येक ठिकाणी वाटायचं की आता पुढच्या गावी बघू.

मे २०२४ मध्ये मुलांची सुट्टीतली बायबल शाळा होती. शेवटच्या दिवशी पाळकबाई म्हणाल्या, "जूनपासून शब्बाथशाळेचा लहान वर्ग तुम्ही घ्या. तुम्ही शिकलेल्या आहात." आमच्या मंडळीत शब्बाथशाळेला, म्हणजे मुलांच्या रविवारच्या धर्मवर्गाला, शिकवणारी व्यक्ती प्रभुभोजन घेणारी सभासद असावी लागते. मला सांगावंच लागलं. त्या क्षणभर गप्प राहिल्या आणि म्हणाल्या, "मग हे आधी करून घेऊ." रागावल्या नाहीत, आश्चर्यही दाखवलं नाही. घरी येऊन मी खूप रडले, आणि त्यात हलकं वाटण्याचा भाग जास्त होता.

जूनच्या दुसऱ्या रविवारी उपासनेनंतर पाळकसाहेबांना भेटले. त्यांनी एका कागदाच्या तुकड्यावर लिहून दिलं: बाप्तिस्म्याचा दाखला, आधारची झेरॉक्स, दोन फोटो, मंडळीचा फॉर्म, आणि डिसेंबरपर्यंत दर शनिवारी वर्ग. बाकी सगळं सोपं होतं. अडलं ते दाखल्यावर.

माझा बाप्तिस्मा १९८८ च्या नाताळात झालेला, चंद्रपूर जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी. आई जिवंत असती तर तिनं ट्रंकेतून कागद काढून दिला असता. ती २०१६ मध्ये गेली, आणि वडिलांना एवढंच आठवत होतं की त्या दिवशी थंडी फार होती.

जुलैच्या पहिल्या आठवड्यात एका मंगळवारी मी पहाटेची बस पकडून निघाले. आमच्या गावाहून हिंगणघाट पाऊण तास, तिथून पुढे आणखी दोन बसा. बायकांना एसटीत अर्धं तिकीट आहे म्हणून जाऊन-येऊन १७० रुपयांत झालं. पण पोचले तर चर्चला कुलूप. शेजारच्या घरातल्या काकूंनी सांगितलं की सेक्रेटरी शाळेत नोकरीला आहेत, रविवारशिवाय भेटत नाहीत आणि रजिस्टरच्या कपाटाची किल्ली त्यांच्याकडेच असते. म्हणून पहिली सूचना: कुठल्याही जुन्या मंडळीत कागद शोधायला जायचं तर रविवारी उपासनेला जा, संपल्यावर बोला. आणि जाण्याआधी एक अर्ज लिहून न्या, त्यात आपलं नाव, घरचं नाव, आईवडिलांची नावं, जन्मतारीख आणि बाप्तिस्म्याचा अंदाजे महिना-वर्ष लिहा. माझं रजिस्टरमधलं नाव वेगळं असू शकतं हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं.

१४ जुलैच्या रविवारी पुन्हा गेले. सेक्रेटरींनी लोखंडी कपाट उघडलं. कापडी पुठ्ठ्याची लांबट रजिस्टरं होती, रेघा मारून रकाने पाडलेले: अनुक्रमांक, नाव, जन्म, बाप्तिस्मा, बापाचं नाव, आईचं नाव, बापाचा धंदा, साक्षीदार, पाळकाची सही. १९८८ चं पुस्तक हातात घेतलं तर खालचा कोपरा वाळवीनं खाल्लेला. ऑगस्टनंतरची पानं एकमेकांना चिकटून एक ढेकूळ झालं होतं. सेक्रेटरींनी स्टीलच्या पट्टीनं दोन पानं सुटी करायचा प्रयत्न केला तर ती हातातच तुटली. ते स्वतःच इतके वरमले की मलाच त्यांची समजूत घालावी लागली.

इथं मी एक चूक केली. घाबरून दुसऱ्याच आठवड्यात तहसीलला गेले आणि शंभरच्या स्टँपवर प्रतिज्ञापत्र करून आले. स्टँपचे १०० आणि करून देणाऱ्याचे ३५०. पाळकसाहेबांना दाखवलं तर ते म्हणाले, याची काही गरज नव्हती. मंडळीला कोर्टाचा कागद नको असतो, त्या दिवशी हजर असलेल्या दोघांची लेखी साक्ष हवी असते. म्हणून आधी पाळकांना विचारा, मग पैसे खर्च करा. (पुढे ऑक्टोबर २०२४ मध्ये तर शंभरचा स्टँप बंद होऊन पाचशेचा लागू झाला.)

त्या महिन्यात मला फार धास्ती होती. नात्यातल्या एका भावानं सुचवलं, एवढी दगदग कशाला, आमच्याकडे ये आणि नदीवर नव्यानं बाप्तिस्मा घे. त्याचा हेतू चांगला होता. मी पाळकसाहेबांना विचारलं. त्यांनी सांगितलं, "बाप्तिस्मा एकदाच असतो. वाळवीनं कागद खाल्ला. तुमच्या डोक्यावर जे पाणी पडलं ते तिला थोडंच खाता येणार." हे वाक्य मी घरी येऊन डायरीत लिहून ठेवलं.

साक्षीदार मिळाले. आईसोबत दवाखान्यात काम केलेल्या एक निवृत्त नर्सबाई माझ्या धर्मआई होत्या. वय ऐंशीच्या पुढे. त्यांनी थरथरत्या हातानं अर्धं पान लिहून दिलं, आणि सोबत एक फोटो. चर्चच्या पायरीवर आई मला शालीत गुंडाळून उभी, मागं दारावर कागदी चांदणी आणि खडूनं लिहिलेलं १९८८. दुसरी साक्ष मामांची. ११ ऑगस्टला तिथल्या पंचकमिटीची, म्हणजे मंडळीचा कारभार बघणाऱ्यांची, बैठक झाली, त्यांनी ठराव घेऊन लेटरहेडवर दाखला दिला. फी २०० रुपये. २४ ऑगस्टला रजिस्टर पोस्टानं आला. त्यात माझं घरचं नाव आणि पुढे कंसात कागदावरचं नाव असं दोन्ही लिहून घेतलं होतं. हेही आधीच सांगून लिहून घ्या, नाहीतर पुढे मुलांच्या वेळी परत अडचण येते.

पोळा झाला, गणपती बसले, आणि १४ सप्टेंबरच्या शनिवारी संध्याकाळी सातला वर्ग सुरू झाला. आम्ही नऊ जण. सात मुलंमुली तेरा ते सतरा वयाची, मी, आणि एक मावशी. मावशींचं वय सत्तरीच्या आसपास, नक्की त्यांनाही माहीत नाही. यवतमाळकडून मजुरीला आलेल्या, नवरा जाऊन पंचवीस वर्षं झालेली. चर्च झाडण्याचं काम त्या न सांगता करतात. मला वाटलं होतं त्या सोबत म्हणून येऊन बसल्या आहेत. पाळकसाहेबांनी हजेरी घेतली तेव्हा कळलं की त्याही उमेदवार आहेत.

"इतकी वर्षं काऊन नाही केलं मावशी?" मी विचारलं.

"मले वाचता नाही येत नं वो. पुस्तक पाठ करा लागते म्हणत. मंग मले कोन घेते?"

चौदा वर्षं आम्ही दोघी एकाच सतरंजीवर मागे बसत होतो. त्या का पुढे जात नाहीत, हे मीही त्यांना कधी विचारलं नव्हतं.

पुस्तिका तीस रुपयांची, पातळ, प्रश्न आणि उत्तरं. प्रेषितांचा मतांगीकार (आपला विश्वास थोडक्यात सांगणारी कबुली), दहा आज्ञा, प्रभूची प्रार्थना, बाप्तिस्मा आणि प्रभुभोजन म्हणजे काय, मंडळीचं वर्ष कसं चालतं. पण पाळकसाहेब पुस्तिकेवर थांबत नसत. एका शनिवारी त्यांनी आपल्या भागातला इतिहास सांगितला. स्टीफन हिस्लॉप हे मिशनरी १८४५ मध्ये स्कॉटलंडहून नागपूरला आले. शाळा काढली, गोंडी भाषेचा अभ्यास केला, इथले दगड आणि जीवाश्म गोळा केले. बुटीबोरीजवळच्या टाकळघाटाला जमिनीत दगडांची जुनी वर्तुळं आहेत, ती पाहून परतताना १८६३ च्या सप्टेंबरात नाल्याच्या पुरात ते वाहून गेले. नागपूरचं हिस्लॉप कॉलेज त्यांच्याच नावाचं. आमच्यातल्या दोन पोरांना तिथं ॲडमिशन घ्यायची आहे, त्यांना हे माहीत नव्हतं.

कवी नारायण वामन टिळकांचं सांगितलं. राजनांदगावला जाताना आगगाडीत एका परक्या प्रवाशानं त्यांच्या हाती नवा करार, म्हणजे बायबलचा येशूविषयीचा भाग, दिला, आणि १८९५ मध्ये मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंना ते कळलं तेव्हा त्यांच्यावर काय गुदरलं, किती काळ त्या वेगळ्या राहिल्या, आणि मग काही वर्षांनी त्यांनी स्वतःच्या समजुतीनं बाप्तिस्मा घेतला. नवऱ्याच्या मागे फरफटत गेल्या नाहीत, स्वतः विचार करून गेल्या. मला हे फार धीराचं वाटलं. आपण दर रविवारी टिळकांची भजनं टाळ-पेटीवर म्हणतो, पण त्या घरात एका बाईनं किती दिवस वाट पाहिली हे मला पहिल्यांदाच कळलं.

ऑक्टोबरात सोयाबीन आलं आणि तीन शनिवार वर्ग बंद राहिला. गावातल्या वर्गाचं असंच चालतं. मनात बारा आठवडे धरले असतील तर सोळा धरा.

नोव्हेंबरात कापूस फुटला. मावशी आमच्या वावरात वेचायला आल्या. वेचणीचा किलोला दहा रुपये भाव होता. सकाळी दव वाळलं की ओळीला लागायचं, कमरेला ओटी बांधायची, दोन्ही हातांनी बोंडातून कापूस ओढायचा. पुस्तिका मी ओटीच्या गाठीत खोचून नेली. माझी ओळ आणि त्यांची ओळ शेजारी. मी एक वाक्य वाचायची, त्या ते म्हणायच्या. चालीशिवाय त्यांच्या लक्षात राहिना. दुसऱ्या दिवशी त्यांनी आपणच जात्यावरच्या ओवीची चाल लावली. "सर्वसमर्थ" हा शब्द त्यांना लांब पडायचा, म्हणून तो म्हणताना त्या एक बोंड ओढून मग दुसरं धरायच्या, सर्व आणि समर्थ. चार दिवसांत मतांगीकार त्यांच्या तोंडी बसला. खरं तर तो माझ्याही तोंडी तेव्हाच बसला. लहानपणापासून मी तो इतरांच्या आवाजात आवाज मिसळून म्हणत आले होते. एकटीला म्हणायला सांगितलं तर मधल्या ओळीत अडखळायची. मावशींसाठी मला प्रत्येक शब्द सुटा करून म्हणावा लागला.

एक दिवस मतांगीकार म्हणता म्हणता त्या ओळीतच थांबल्या. "हा पंतय पिलात कोन होय? देवाच्या गोष्टीत याचं नाव कायले?"

मला उत्तर देता आलं नाही. शनिवारी वर्गात विचारलं. पाळकसाहेब म्हणाले, तो येशूच्या वेळचा तिथला रोमी सुभेदार, त्याच्याच हुकमानं येशूला क्रूसावर दिलं. त्याचं नाव घेतो म्हणजे आपण सांगतो की हे कुठल्या गोष्टीतल्या राज्यात घडलं नाही, अमुक अधिकारी अमुक ठिकाणी असताना घडलं. सातबाऱ्यावर तलाठ्याची सही असते तशी ही साक्ष. मावशींनी मान डोलावली. त्यानंतर ते नाव त्या कधी चुकल्या नाहीत.

आता ज्यासाठी हे सगळं लिहायला बसले, ते सांगते.

२३ नोव्हेंबरचा शनिवार. विधानसभेचा निकाल लागलेला, रस्त्यावर गुलाल आणि डीजे, वर्गात एकमेकांचं ऐकू येत नव्हतं म्हणून पाळकसाहेबांनी खिडक्या लावून घेतल्या. विषय प्रभूच्या प्रार्थनेचा होता. "जसे आम्ही आपल्या ऋण्यांस ऋण सोडले आहे, तशी तू आमची ऋणे आम्हांस सोड."

मावशींनी हात वर केला. "हे ऋण म्हंजे काय जी? कर्ज?"

"होय मावशी, बायबलातल्या मत्तयाच्या पुस्तकात मूळ शब्दच कर्जाचा आहे. लूकच्या पुस्तकात पाप म्हटलंय. पाप म्हणजे देवाचं आपल्यावर राहिलेलं देणं, असा त्याचा अर्थ धरतात."

"पन आपन तं म्हनतो की आपुन सोडलं. सोडलं का आपुन?"

त्यांनी हे कुणाला उद्देशून विचारलं नव्हतं. त्यांच्यावर सावकाराचे पैसे असतात, दर वर्षी असतात, त्या त्या बाजूनं विचार करत होत्या. पण मी पुस्तिकेकडे बघत राहिले.

२०२१ च्या जूनमध्ये, पेरणीच्या तोंडावर, माझ्या मोठ्या जाऊबाईंना आम्ही बावीस हजार रुपये दिले होते. बियाणं आणि खतासाठी. कापूस निघाला की देऊ म्हणाल्या. त्या वर्षी पाऊस जास्त झाला, पुढच्या वर्षी बोंडअळी. २०२२ च्या नाताळात मी चारचौघांत त्यांना विचारलं, आणि त्यांनी चारचौघांतच उत्तर दिलं. तेव्हापासून बोलणं बंद. एकच चर्च, एकच सतरंजी, त्या दाराजवळ बसायच्या आणि मी भिंतीजवळ. आणि दर रविवारी आम्ही दोघी ही ओळ मोठ्यानं म्हणत होतो. त्या तर त्यानंतर प्रभुभोजनही घेत होत्या, आणि मी मागे बसून मनात त्यांचा हिशेब करत होते.

वर्ग संपल्यावर मी पाळकसाहेबांना सांगितलं. मला वाटलं ते म्हणतील, जाऊन माफ करा. त्यांनी मत्तयाचा पाचवा अध्याय काढला, वेदीजवळ आलेल्या माणसाला आठवतं की भावाच्या मनात आपल्याविषयी काही आहे, तो भाग. मला म्हणाले, "नीट वाचा. भावाच्या मनात तुमच्याविषयी. तुमच्या मनात भावाविषयी असं लिहिलेलं नाही." आणि म्हणाले की पैसे सोडायचे की नाही हे मी सांगणार नाही, तो पैसा तुमच्या दोघांचा आहे, घरी बोला.

घरी बोलले. आमचे हे त्या रात्री काहीच बोलले नाहीत. कापसाचा हमीभाव क्विंटलला ७,५२१ होता, पण गावात येणारे व्यापारी सात हजारांवर चढत नव्हते आणि खरेदी केंद्रावर ओलाव्यासाठी कपात. बावीस हजार म्हणजे आमचा तीन क्विंटल कापूस. त्यांनी दिवसभर वावरात घाम गाळलेला, मी शनिवारच्या वर्गातून येऊन सोडा म्हणते, हे त्यांना कसं लागलं असेल ते मला समजत होतं. मी पुन्हा विषय काढला नाही. अकरा दिवसांनी, गाडीत कापूस भरता भरता, ते म्हणाले, "सोडून दे. पण तू एकटी जाऊ नको, मीही येतो. भाऊ माझा आहे."

मधल्या काळात, ३० नोव्हेंबरच्या शनिवारी, वर्गातल्या आम्हा सगळ्यांना कामं वाटून दिलेली होती. आमच्या मंडळीत उमेदवारांना दर महिन्याला एक काम असतं: घंटा, झाडलोट, आजाऱ्यांची भेट, अर्पणाची मोजणी. माझ्याकडे आणि मावशींकडे प्रभुभोजनाच्या मेजाची तयारी आली. दुसऱ्या दिवशी आगमनकाळाचा, म्हणजे नाताळाआधीच्या तयारीच्या आठवड्यांचा, पहिला रविवार, म्हणून जांभळं कापड. मी इस्त्री केली. पाळकबाईंनी काळ्या मनुका रात्रभर भिजवून ठेवल्या होत्या, त्या मंद आचेवर उकळून, कुस्करून, मलमलच्या फडक्यातून गाळल्या. रस गडद तांबडा, किंचित चिकट. मावशींनी फडकं पिळलं. मनगटापर्यंत हात रंगले, त्यांनी ते धुवायच्या आधी बराच वेळ तसेच समोर धरले. पाळकबाई म्हणाल्या, उरलेला चोथा उकिरड्यावर टाकायचा नाही, झाडाच्या मुळाशी पुरायचा. हे कुठल्या पुस्तिकेत नव्हतं.

१५ डिसेंबरला बिशप येणार होते. आठ दिवस आधी निरोप आला की तारीख पुढे गेली, आता ९ फेब्रुवारी. मुलं नाराज झाली. मला खरं सांगायचं तर बरं वाटलं, कारण जावेकडे जायचं अजून बाकी होतं. तारीख पुढे जाणं नेहमीचं आहे. बिशपांकडे मोठा प्रदेश असतो. नातेवाइकांना आमंत्रण शेवटच्या पंधरवड्यातच द्या.

१३ डिसेंबरच्या संध्याकाळी आम्ही दोघं गेलो. जाऊबाई चुलीपुढे होत्या. भाऊजींनी खाट टाकली. पहिला चहा होईपर्यंत कुणी काही बोललं नाही. मी आधीच ठरवलं होतं की पैशाचं नंतर, आधी त्या नाताळचं.

"ताई, त्या दिवशी मी लोकांसमोर विचारलं, ते चुकलं माझं."

त्यांनी चुलीतलं लाकूड मागं ओढलं. म्हणाल्या, "त्या दिवशी माझ्या भावजया बसल्या होत्या तिथं. माहेरी जायला तोंड राहिलं नाही मले वर्षभर."

हे मला माहीत नव्हतं. दोन वर्षं मी फक्त बावीस हजारांचा विचार केला होता.

यांनी पैशाचं सांगितलं. भाऊजी म्हणाले नाही, देऊ. हे म्हणाले राहू दे. असं तीनदा झालं. जाऊबाई शेवटपर्यंत हो म्हणाल्या नाहीत, आणि रडणं, गळ्यात पडणं असं काही झालं नाही. निघताना त्यांनी पोरीसाठी शेंगा बांधून दिल्या. जानेवारीत त्यांच्याकडून तीन हजार आले. आम्ही ठेवून घेतले, कारण परत पाठवले असते तर त्यांना ते पुन्हा चारचौघांतल्यासारखं लागलं असतं. बाकीचं आम्ही वहीतून काढून टाकलं.

१८ जानेवारीला तोंडी परीक्षा. पाळकसाहेब आणि मंडळीचे दोन वडील, म्हणजे जबाबदार जाणते सभासद. घाबरण्यासारखं काही नाही. मला दहा आज्ञा, बाप्तिस्म्याच्या वेळची वचनं, आणि प्रभुभोजनाआधी स्वतःची परीक्षा करायची म्हणजे काय करायचं, हे विचारलं. शेवटच्या प्रश्नाला मी शेंगांची गोष्ट सांगितली. मावशींना मतांगीकार म्हणायला सांगितला. त्यांनी डोळे मिटून ओवीच्या चालीत म्हटला. वडिलांपैकी एक जण त्यांच्यासोबत गुणगुणू लागले.

खर्चाचं विचारतात म्हणून: बसभाडं दोन फेऱ्यांचं ३४०, वाया गेलेलं प्रतिज्ञापत्र ४५०, दाखला २००, पुस्तिका ३०, फोटो ६०, आणि जेवणाच्या वर्गणीचे प्रत्येक घरामागे ५००. एकूण १,५८०. दृढीकरणाची अशी फी नाही, उपकारस्तुतीचं अर्पण आपल्या मनानं. पांढरं लुगडं नवंच हवं असंही नाही. मी सासूबाईंचं नेसले. मावशींसाठी महिला मंडळानं आणलं.

८ फेब्रुवारीला संध्याकाळी तालीम झाली: कुठून चालायचं, कुठं गुडघे टेकायचे, कधी काय म्हणायचं. गुडघे दुखत असतील तर आधी सांगा, मावशींसाठी उशी ठेवली होती.

९ तारखेला साडेनऊला उपासना सुरू झाली. बिशपांनी विचारलं, सैतान आणि त्याची कामं यांचा त्याग करता का. आम्ही नऊ जण एकत्र म्हणालो. मला आवाज फुटेल की नाही अशी भीती होती, पण मावशींचा खणखणीत आवाज शेजारी होता. मग एकेकाचं नाव. बिशपांचा हात डोक्यावर आला तेव्हा तो मला वाटलं होतं त्यापेक्षा जड होता आणि गरम होता. फोटोतली आईची शाल आठवली. बस, तेवढंच आठवलं. उठताना पाय थोडे लटपटले.

त्याच उपासनेत पहिलं प्रभुभोजन. भाकरीचा तुकडा तळहातावर, मग छोट्या पेल्यातला रस. तो आदल्या रात्री आम्ही दोघींनीच गाळलेला होता. चव ओळखीची, तरी मी ती पहिल्यांदाच घेत होते.

जेवणं झाली, वरण-भात, आलू-वांगे, बुंदी. जाऊबाई वाढायला होत्या. मंडप उतरवताना पाळकसाहेबांनी आम्हाला आत बोलावलं. दृढीकरणाचं रजिस्टर उघडं होतं, नवं, पुठ्ठा कडक, पानांना शाईचा वास. अनुक्रमांक, नाव, वय, बाप्तिस्म्याची तारीख, सही. पोरांनी भराभर सह्या केल्या. मी केली. मावशींनी अंगठा उठवला, फडक्याला पुसला, आणि पान मिटू दिलं नाही.

"काय लिवलं ते वाचून दाखव ना वो."

मी वाचलं. क्रमांक, मग त्यांचं पूर्ण नाव, नवऱ्याच्या नावासकट, गावाचं नाव, तारीख.

"अजून एक डाव वाच," त्या म्हणाल्या.